लायसन्स काढून पोटगी मिळत नाही

पोटगी थकवणाऱ्या बापाचं ड्रायव्हिंग लायसन्स रद्द करा, अमेरिकेत हेच करतात, असं परवा एका परिसंवादात एका वकीलसाहेबांनी ठणकावून सांगितलं. मूल जन्माला घातलंत ना, मग पैसे भरा, नाहीतर पायी फिरा! टाळ्या पडल्या. मला संताप आला.

अमेरिकेत असं होतं हे खरं. १९९६च्या केंद्रीय कायद्याने तिथल्या प्रत्येक राज्याला ही तरतूद करायला लावली. पण थकबाकीदार कोण, हे साहेबांनी सांगितलं नाही. २००७मध्ये नऊ मोठ्या राज्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षाला दहा हजार डॉलर किंवा त्याहून कमी नोंदलेली कमाई असणाऱ्यांच्या नावावर सत्तर टक्के थकबाकी निघाली. अशा माणसाला गोदामात रात्रपाळी मिळते, गोदाम गावाबाहेर आणि तिथे बस जात नाही. लायसन्स गेलं की तो नोकरी तरी सोडतो, नाहीतर विनालायसन्स गाडी काढतो आणि पकडला जाऊन दंड भरतो. थकबाकी मात्र चढतच राहते, कारण तिथल्या केंद्रीय कायद्यात १९८६मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साचलेली रक्कम न्यायालयालाही मागाहून कमी करता येत नाही. यात मुलाच्या हातात काय पडलं?

हीच तरतूद पुण्यात आणून बघा. मालकाची रिक्षा शिफ्टवर चालवणारा बाप लायसन्स आणि बॅज गेल्यावर दुसऱ्या दिवशी मालकाला काय देणार, बायकोला काय देणार? आणि ज्याच्या दाराशी ड्रायव्हर उभा असतो, तो बंगलेवाला मागच्या सीटवर बसून आरामात कोर्टात येईल. म्हणजे शिक्षा कुणाला, तर जो गाडी चालवून पोट भरतो त्यालाच!

धाक बसेल म्हणतात. पगारदाराला बसेलही, पण त्याचा पगारच जप्त करता येतो. तुरुंगाचा वाद तर जुनाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४नुसार थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो: आत बसलेला माणूस कमावत नाही.

मग करायचं काय? पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येतो, तो हुकूम वेळेत काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, ते बँकेच्या उताऱ्यांशी ताडून बघा. ज्याची नोकरी खरोखर गेली, त्याची रक्कम लगेच फेरठरवा. ऐपत असून लपवणाऱ्याची मालमत्ता विका, मला त्याची कणव नाही. आज वसुलीचा अर्ज घेऊन बाई शाळेच्या फीची पावती फाईलमध्ये घालून येते आणि पुढची तारीख घेऊन परत जाते. वकीलसाहेबांनी पुढच्या परिसंवादात त्या तारखांवर बोलावं.