तीन इंचांचा हिशेब

हल्ली नागपुरात उंच केलेल्या गाड्या फार दिसतात. संध्याकाळी फुटाळ्यावर जा, नाही तर वर्धा रोडवर. कंपनीने दिली त्यापेक्षा चार बोटं उंच गाडी, मडगार्डच्या बाहेर आलेले टायर, आणि आत चढायला पायदान. तरुण पोट्टे आहेत, हौस आहे, पैसा त्यांचा आहे (किंवा वडिलांचा!). त्यांच्याबद्दल आज मला काही म्हणायचं नाही. मला लिहायचंय ते गावाकडच्या पिकअपबद्दल. ही उंच करण्याची साथ आता संत्र्याच्या बागांपर्यंत पोचली आहे, आणि तिथे ती हौस म्हणून नाही, गरज म्हणून येते.

काटोल-नरखेडकडची पांदण ज्यांनी पावसाळ्यात पाहिली नाही त्यांना ही गरज कळणार नाही. काळी माती. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबरपासून सुरू होते. तेव्हा पाऊस नुकता सरलेला असतो, कधी सरलेलाही नसतो. पिकअप त्या चाकोरीत उतरली की मधला वरंबा तिच्या पोटाला लागतो. मग क्रेट उतरवा, ट्रॅक्टर बोलवा, गाडी ओढा. कळमन्याच्या बाजारात पोचायला उशीर झाला की भावात मार. असं दोन हंगाम झालं की कोणीतरी सांगतं, "गाडी उचलून घे ना भाऊ, एका दुपारचं काम आहे."

माझ्या पुतण्याने घेतली उचलून. पुढे तीन इंच, मागे तीन इंच, टायर एक नंबर मोठे. आठ दिवस खुशीत होता. नंतर फोन आला, "काका, गाडी समोरून टक् टक् आवाज करून राहिली."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्र हा माझा विषय नाही. पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना सांगायची हौस आहे. त्यांच्या गॅरेजातल्या बाकड्यावर चार-पाच दुपारी बसून जे समजलं ते मांडतो. जाणकारांनी हसू नये.

जुन्या जीपचं गणित सोपं होतं. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. त्या जीपेला पुढेही आणि मागेही पाटेच. पुढची दोन्ही चाकं एका अखंड दांड्याला. ती उंच करायची म्हणजे पाट्यांचं काम. त्यातही भानगडी होत्याच, पण दोन चाकांमधलं नातं मोडत नव्हतं. पुढे गाड्या आरामशीर झाल्या. १९९८ ची सफारी, २००२ ची स्कॉर्पिओ, २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस ही पिकअप, या सगळ्यांत पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र. चाकाला वरून एक हात धरतो, खालून एक हात धरतो. (मिस्त्री त्यांना 'आर्म'च म्हणतात. मला 'हात' आवडतो, कारण ते दिसतातही तसेच.) सफारी-स्कॉर्पिओत भार पिळाच्या दांड्यावर होता, नव्या गाड्यांत गुंडाळीची स्प्रिंग आणि तिच्या आत शॉकअप.

पिळाच्या दांड्याची गाडी उंच करायला एक पाना आणि अर्धा तास पुरतो. बोल्ट आवळला की नाक वर! खर्च शून्य, म्हणूनच ते फार झालं. स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. पुतण्याच्या गाडीत दीड इंचाची चकती आहे. मग गाडी तीन इंच कशी उंच झाली? हापशीचा दांडा आठवा. मधे थोडं हललं की टोकाला दुप्पट हलतं. स्प्रिंग खालच्या हाताच्या साधारण मध्यावर उभी असते आणि चाक टोकाला. म्हणून दीडचे तीन.

आता चाकाला खाली-वर जाण्याची एक ठरलेली चाल असते. खड्डा आला की चाक खाली सुटतं, उंचवटा आला की वर येतं. चकती घातल्यावर चाक उभ्या गाडीतच तीन इंच खाली सुटलेलं असतं. म्हणजे खड्ड्यासाठी जी खाली जायची चाल होती, ती आधीच खर्च झाली. त्यातून पुढचं चाक आणखी खाली सुटलं की वरचा हात इतका तिरपा होतो की त्याची आतली कड स्प्रिंगवर आपटते. तोच तो टक् टक् आवाज. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक हवेत लोंबकळू दिलं आणि बॅटरीचा उजेड टाकला. हाताचा रंग उडून लोखंड चकाकत होतं, आणि स्प्रिंगच्या वेढ्यावर त्याच जागी ओरखडा. हाताच्या टोकाचा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनात अडकलेला. ही चारही चाकं ओढणारी गाडी, त्यामुळे पुढच्या शाफ्टचे रबरी बूटही ताणलेले. ते फाटले की ग्रीस बाहेर, चिखल आत.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्याचा आवाज होत नाही. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो, पाहिलाय ना? त्या तिरपेपणामुळेच हात सोडला तरी हँडल सरळ राहायला बघतं. मोटारीच्या पुढच्या चाकालाही तसा तिरपेपणा दिलेला असतो. पुढून गाडी उंच केली की तो कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, आणि हायवेवर गाडी जराशी भरकटते. अलाइनमेंटवाल्याने मशीन लावलं, बोल्ट शेवटपर्यंत फिरवले आणि सांगितलं, "बसत नाही." पावतीवर मात्र अलाइनमेंटचे पैसे लागले.

यावर उपाय आहेत, आणि ते काही गुपित नाहीत. वेगळ्या आकाराचा वरचा हात मिळतो. तो स्प्रिंगपासून लांब राहतो, त्याचा बॉल जॉइंट वेगळ्या कोनात असतो आणि तो चाकाचा तिरपेपणाही परत आणतो. ब्रेकचा होज लांबीला पुरतो का ते चाक पूर्ण खाली सोडून पाहायचं. टायर मडगार्डला घासतो का ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून, आणि गाडी भरलेली असताना पाहायचं. रिकाम्या गाडीत पाहून उपयोग नाही. काही जण घासणं टाळायला चाकच बाहेर काढतात. तेव्हा आत जागा होते आणि बाहेर मडगार्डला लागतं, शिवाय बेअरिंगवर ताण येतो. आणि सगळ्यात सोपा उपाय कोणी सुचवत नाही : चकती पातळ करा. तीन इंचांऐवजी दीड इंच घ्या, निम्म्याहून जास्त दुखणी जातात.

हे सगळं मला दुकानदारावर चिडून लिहायचं नव्हतं, पण चीड येते खरी. चकतीचा भाव पाटीवर असतो. वरचा हात, अलाइनमेंट, होज, बूट यांचा भाव गाडी उंच झाल्यानंतर कळतो. आमच्या नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले तेव्हाचीच गोष्ट. रस्ता उंच झाला, कामाचे फोटो निघाले, आणि पहिल्या पावसात पाणी लोकांच्या ओसरीत. उंच करणारा आपलं काम करून गेला होता. असो.

आता खरा हिशेब. पुतण्याची गाडी अडत कुठे होती? पोट वरंब्याला लागत होतं. पुढचं पोट खरंच तीन इंच वर गेलं, ते कबूल. पण मागे काय झालं? मागे एक्सल आणि पाटे यांच्या मधे ठोकळे घातले. ठोकळ्यांनी डाला वर गेला. एक्सल चाकांच्या मधोमध आहे, तो जाणार कुठे? त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा होता तिथेच. तो वर जातो फक्त टायर मोठा झाला तर, आणि तेही निम्माच. टायरची उंची दोन इंचांनी वाढली तर गोळा एक इंच वर. म्हणजे गाडी बघणाऱ्याला चार इंच उंच दिसते, आणि वरंब्याला लागणारा मागचा गोळा एकाच इंचाने सुटतो. तेवढा इंच नुसत्या टायरने मिळाला असता! मी हे वहीत आकृती काढून पुतण्याला दाखवलं. तो बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिला.

शिवाय त्या डाल्यात फक्त क्रेट नसतात. सकाळी तोडणीच्या बाया त्याच डाल्यात उभ्या राहून बागेत जातात, संध्याकाळी तशाच परत येतात. खरं तर माणसं अशी नेऊच नयेत, पण नेतात, आणि गावात दुसरी सोयही नसते. डाला चार इंच उंच झाला की गाडीचा भार वर सरकतो. त्यात स्टिअरिंग परत न येणारं आणि वरच्या हाताचा बॉल जॉइंट ताणलेला. मला त्या टक् टक् आवाजाची खरी भीती वाटते ती इथे.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मालकाला, हं! चकती विकणाऱ्याचं नाव गाडीच्या कागदावर नसतं. आणि अपघात झालाच तर न कळवता केलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते.

कायदा चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पण दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायला त्यात वाट आहे, मंजूर किट लावून इंधन बदलायला वाट आहे. मग शेतमाल वाहणाऱ्या पिकअपसाठी तपासलेलं, वरच्या हातासकट पूर्ण किट असावं आणि आरटीओत ते पाहून नोंद व्हावी, अशी वाट का नसावी? ती नाही म्हणून शेतकरी बोल्ट आवळणाऱ्याकडे जातो. फुटाळ्यावरचा पोट्टा आणि पांदणीतला शेतकरी एकाच कलमात येतात, आणि प्रत्यक्षात दोघांनाही सहसा कोणी अडवत नाही.

पांदणीचंही बोललं पाहिजे. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. जिथे मुरूम-खडी पडून रस्ता झाला तिथे साधी पिकअप ऑक्टोबरात जाते, कोणाला चकती आठवत नाही. पुतण्याच्या पांदणीत मोजणीवरून दोन शेजाऱ्यांचं अडलंय. दोघेही माझे विद्यार्थी. दिवाळीआधी एकदा जाऊन बसणार आहे त्यांच्याशी, ऐकले तर ऐकले.

गाडीचं असं ठरलं. मागचे ठोकळे काढायचे, पुढची चकती निम्मी करायची. घासलेला हात आणि दोन्ही बॉल जॉइंट नवे, कंपनीचेच. टायरही कंपनी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला देते तेवढेच. उरलेली चकतीही काढून टाक, असं मी म्हणतोय. तो म्हणतो, "काका, पांदण झाली की काढतो." मिस्त्रींकडे पुढच्या मंगळवारी गाडी लागेल.