सिकलसेलची नोंद आणि सहाशे अंकी कुलूप

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरांट यांनी तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, त्यातून १ वजा. अंक चार कोटी दहा लाखांहून जास्त. धारणीत तिचा उपयोग काय? तिचा काहीच नाही, पण तिच्या धाकट्या बहिणींचा रोज आहे.

शिबिरात एखाद्या कोरकू मुलीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतले, की 'वाहक' हा शब्द मोबाइलवरून सर्व्हरकडे जातो. वाटेत तो कोणी वाचू नये म्हणून गणिताचे कुलूप लावतात. आरएसए हे त्यातले जुने आणि अजून वापरातले कुलूप. आधारच्या पडताळणीतही ते आहे. सुमारे ३०० अंकी दोन मूळ संख्या गुपचूप निवडायच्या आणि फक्त त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. ८९ गुणिले ९७ शाळकरी पोरही करील. पण ८,६३३ चे अवयव पाड म्हटले की ते डोके खाजवते. २०२० मध्ये २५० अंकी अशी संख्या फोडली गेली. ते काम संगणकाच्या एकाच गाभ्यावर केले असते, तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती.

मूळ संख्यांचा दुष्काळ मात्र नाही. ३०० अंकांच्या आसपास साधारण दर सातशे संख्यांमागे एक मूळ असते. ती ओळखायला अवयव पाडावे लागत नाहीत. ही ओळख झटपट आणि शंभर टक्के खात्रीने पटवणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. आमची सोल्युबिलिटी चाचणी अशीच: सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस असते. अवयव पाडण्याचे इलेक्ट्रोफोरेसिस आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेले नाही.

क्वांटम संगणकासाठी मात्र पीटर शोर यांनी ते १९९४ मध्येच कागदावर मांडले. तेवढे ताकदवान यंत्र अजून नाही. पण आज चोरून साठवलेली नोंद ते आल्यावर उघडता येईल. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. वाहक मुलगी जन्मभर वाहकच राहते. लग्नाआधी दोघांनी सिकलसेल कार्डे पाहावीत, असे आम्हीच सांगतो. पण तिचे कार्ड कोणाला दाखवायचे, हे तिने ठरवायचे.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेचे निर्मूलनाचे लक्ष्य २०४७ चे आहे, तपासायची माणसे ७ कोटी. अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांच्या कोड्यावर न विसंबणारी नवी कुलुपे ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित केली. माझ्या मते ती बँकांच्याही आधी आरोग्याच्या नोंदींना लागायला हवीत. आणि शिबिर संपल्यावर नावे व निकाल असलेली कागदी यादी टेबलावर सोडून जाऊ नये. ती वाचायला क्वांटम संगणक लागत नाही.