ईदी, पोस्त आणि पगार

गेल्या रमजान ईदची गोष्ट. नमाज पढून घरी आलो, शीरखुर्मा झाला, आणि आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या खाला आल्या. मी रुबाबात पाकीट त्यांच्या हातात दिलं. आत हजार रुपये होते. खालांनी दुआ दिली, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "सर, ईदी मिली, अल्ला बरकत दे. पर पगार कब बढाते? चार साल हो गए."

ईदच्या दिवशी हे काय बोलणं? खरं सांगतो, मला राग आला. राग उतरल्यावर आठवलं की ते हजार रुपये मी जकातीच्या पाकिटातून काढले होते. म्हणजे माझं स्वतःचं काहीच गेलं नव्हतं. जकात फर्ज होती, ती कुठे ना कुठे द्यायचीच होती. त्याच नोटांत मी जकात, ईदी आणि चार वर्षांची पगारवाढ अशी तीन कामं उरकली होती, वर दुआही घेतली होती.

गरजू कामवालीला जकात देता येते, यात वाद नाही. पण तिच्या मेहनतीच्या मोबदल्यात जकात चालत नाही, हे कुठलाही आलिम सांगेल. तरी रमजान आला की आपल्यातल्या किती घरांत हाच हिशेब चालतो, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांचं थोडं बोलतो. 'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्द. त्याच घरातलं उर्दू क्रियापद 'बख्शना', म्हणजे देणं आणि माफ करणंही. देणारा वर, घेणारा खाली. 'उजरत' म्हणजे मजुरी. हा अरबी शब्द 'अज्र'च्या मुळातला, आणि अज्र म्हणजे अल्लाहकडून मिळणारा मोबदला. मजुरीला भाषेनं इतक्या वर नेऊन बसवलं आहे, आणि आपण तिला बक्षिसाच्या पाटावर आणतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. घरी येऊन खालांना सांगतो, "पुढच्या महिन्यात बघू."

वालचंदनगरकरांना तर हा फरक कुणी समजावून सांगायची गरजच नाही. शेठ वालचंद हिराचंदांनी वसवलेलं, कारखान्यावर उभं राहिलेलं हे गाव. इथं दिवाळीचा बोनस झाला की बाजार फुलतो. बोनसच्या पैशांवर कपडे, भांडी, सायकली आल्या, लग्नं ठरली. बोनस घेताना कुणी हात पसरला नाही, कारण बोनस हा कामगाराचा हक्क आहे.

पण तो हक्क आपोआप आलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली, ती खुशीनं दिलेली रक्कम म्हणून. पुढे तो थांबवला, तेव्हा १९२४ साली गिरणी कामगारांनी मोठा संप केला. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कसलाही हक्क नाही. आपल्या आजच्या भाषेत, ती 'टिप' होती. बोनसचा कायदा व्हायला १९६५ साल उजाडलं. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा. सोप्या हिशेबात एक पगार. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत हमालांसाठी लढली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोही याच वाटेनं. व्यापाऱ्याच्या मर्जीवरची हमाली ठरलेल्या दराची झाली.

ज्यांच्या बापजाद्यांनी बोनस हक्कानं घेतला, तीच आपण माणसं घरकामवालीला मात्र दिवाळीला 'पोस्त' आणि ईदला 'ईदी' देतो, आणि तेवढ्यावर मिटवतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे. त्यानं नोंदणी आणि कल्याण मंडळ दिलं. पगार अजून आपल्या मर्जीवरच आहे. तिथे आपणच मालक, आपणच मॅक्लिऑड.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "टिप ही सरंजामी पद्धत आहे, म्हणून मी देतच नाही." फार छान. मग वेटरचा पगार वाढावा म्हणून थाळीला वीस रुपये जास्त मोजायला तयार आहात का? तिथे मात्र हॉटेल महाग वाटतं! तत्त्वाच्या नावाखाली वाचवलेले दहा रुपये हा कंजूसपणाच आहे.

उलट बाजूही सांगतो. टिप मागून किंवा लादून घ्यायची गोष्ट नाही. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ साली ते उचलून धरलं. गॅस सिलिंडर घरपोच देण्याचा आकारही बिलातच असतो. पण सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आलेल्या पोराशी वीस रुपयांवरून हुज्जत घालू नका. तक्रार करायची तर एजन्सीच्या मालकाकडे करा, तीही अशी की या पोराला पगार किती देता?

आणि मशिदीचं काय? रमजानच्या शेवटी बांगीसाहेबांसाठी रुमाल फिरतो, आपण नोट टाकतो आणि सवाब मिळाला म्हणून समाधानानं घरी जातो. वर्षभर पहाटे आपल्याला उठवणाऱ्या माणसाचं घर त्या पगारात चालतं का, हे कमिटीच्या बैठकीत कितीजण विचारतात? रुमाल जरूर फिरवा, पण आधी पगार ठरवा.

माझा नियम आता साधा आहे. आधी हक्काचं, मग खुशीचं. कामवालीचा पगार दरवर्षी वाढवायचा, न मागता. सणाला बारावा हिस्सा, म्हणजे एक पूर्ण पगार, बोनस म्हणून द्यायचा. जकातीचं पाकीट वेगळं, त्याचा हिशेब वेगळा. हॉटेलात, सलूनमध्ये, लग्नाच्या दावतीत वाढप्याला द्यायचं ते रोख आणि त्याच्याच हातात, बडीशेपेच्या ताटलीत चिल्लर फेकून नाही.

खालांचा पगार मी त्या महिन्यापासून वाढवला. चार वर्षांची थकलेली वाढ हप्त्यानं देतोय, दोन हप्ते राहिलेत. पहिला हप्ता दिला तेव्हा त्यांनी दुआ दिली नाही. पैसे मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि भांडी घासायला बसल्या. मला ते फार बरं वाटलं.