हप्ता भरायचा जूनमध्ये आणि बोट सुटणार ऑगस्टला!



1 जूनपासून आपले ट्रॉलर जेटीला बांधलेले आहेत. 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, दर्या बंद. जाळी शिवणं, इंजिन खोलणं, रंग काढणं चाललंय. या दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात येणारा बहुतेक जण एकच विचारतो, "थोडी उचल मिळेल काय?"

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. त्याने ओळखीच्या एजंटाकडून विम्याची पॉलिसी घेतली, ती जूनमध्ये. त्यामुळे वर्षाचा हप्ता दरवेळी 10 जूनला. सवलतीचे 30 दिवस धरले तरी 10 जुलै. तेव्हा बोट जेटीलाच! दुसऱ्या वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून हप्ता भरला, तिसऱ्या वर्षी पॉलिसी बंद पडली. भरलेल्यातलं थोडंच परत आलं. हीच पॉलिसी नोव्हेंबरात घेतली असती तर हप्ता भर सीझनात आला असता. पण "तुमचा धंदा कधी बंद असतो?" एवढा साधा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: आपल्या घरांनी आता पैशाच्या नियोजनासाठी जाणकार सल्लागाराकडे बसावं. पण विकणारा कोण आणि सल्ला देणारा कोण, हे आधी ओळखा. एजंटाला कंपनीकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण तो आपल्याजवळ असलेलीच वस्तू दाखवणार. सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार फी आपल्याकडून घेतो, कंपनीचं कमिशन त्याला घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात मागणारा, किंवा ठरावीक नफ्याची हमी देणारा दिसला, की उठून चालू पडा.

काही जण म्हणतात, "आमच्या कमाईचाच भरवसा नाही, कसलं प्लॅनिंग करता?" खरं आहे. एका फेरीत बांगडा भरभरून येतो, तर पुढच्या फेरीत डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. पण नियोजनाची गरज जास्त आहे ती अशाच धंद्याला. पगारदाराचा दरमहा ठरलेला हप्ता आपल्याला झेपणार नाही. त्याऐवजी प्रत्येक फेरीच्या हिशेबातून ठरावीक टक्के बाजूला काढले, तर कमी मासळी आली तरी ते निभतं. किती टक्के, कुठे ठेवायचे, बंदीच्या दोन महिन्यांचा घरखर्च आणि बोटीची दुरुस्ती त्यातून कशी भागवायची, हे सल्लागाराबरोबर बसून ठरवा. हे आधी केलं नाही की मग व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते, आणि सीझनभर मासळी त्याच्या भावाने द्यावी लागते. हे नुकसान कुठल्या पासबुकात दिसत नाही, पण सगळ्यात मोठं तेच.

आणखी एक. बोट म्हणजे बचत नव्हे. इंजिन झिजतं, लाकूड कुजतं. पोरं दर्यात जातीलच असं आता कोणी सांगू शकत नाही. साठीनंतर आपण कशावर जगणार, हा प्रश्न बोटमालकालाही आहे आणि खलाशालाही.

काही गोष्टींना सल्लागारही लागत नाही. बँकेतून वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो, वय 18 ते 70. 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा, 18 ते 50 वयात काढता येतो. दोन्हींचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, पैसे मेअखेरीस खात्यातून कापले जातात. तेव्हा सीझन संपताना खातं रिकामं करू नका.

सल्लागाराकडे जाताना एकटे जाऊ नका. बाजारात मासळी विकून घर चालवणारी बाई सोबत हवीच, खरा हिशेब तिच्याकडे असतो. विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिलं, कर्जाचे कागद, जुन्या पॉलिसी, सगळं पिशवीत घालून न्या. आणि पहिला प्रश्न हाच विचारा: "जून-जुलैत आमचा हप्ता कुठून येणार?" याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्या कागदावर सही करू नका.

सोसायटी कोणा एकाचं नाव सुचवणार नाही. पण कागद समजला नाही तर ऑफिसात घेऊन या, आपण बसून वाचू. आता वेळ आहे. ऑगस्टात बोटी सुटल्या की तुम्हालाही सवड नाही आणि आम्हालाही नाही.