परक्या भूमीतील मिशनकार्य

ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परदेशातील आयुष्याचे मोल केवळ धर्मांतरितांच्या संख्येवर ठरवले, तर अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकेतील एका मंडळाने मराठी मुलखात चालवलेल्या धर्मकार्याची, आरंभीची वर्षे अपयशाचीच म्हणावी लागतील. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडण्याच्या बेतात होते. पुढे परवानगी मिळाली, पण प्रकृती ढासळून नॉट लवकरच मायदेशी गेले, सहकारी सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने दगावले आणि १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात हॉल यांनाही त्याच रोगाने गाठले. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट तर मुंबई दिसण्यापूर्वीच, एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशसमध्ये वारली होती.

या मंडळींच्या लिखाणातील हिंदू समाजाविषयीचा तुच्छतेचा सूर आज खटकतो, आणि तो खटकावाही. तथापि मराठी शिकून त्यांनी छापखाना घातला, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, हे फळ धर्मप्रचाराच्या मूळ हेतूपेक्षा अधिक टिकाऊ ठरले. याच मिशनच्या अविवाहित शिक्षिका सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, मुंबईत व नंतर नगरला त्यांनी मुलींना शिकवले आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचे निधन झाले.