मैफलीनंतर गाडी काढू नका

आयोजकांचा फोन येतो तेव्हा आधी तारीख ठरते, मग मानधन, मग साउंड कुणाचा ते. फोन ठेवता ठेवता बहुतेक वेळा एक वाक्य येतं : "साडेदहाला आटपेल सगळं, गरम गरम जेवून निघालात की पहाटे घरी." बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. कलाकाराचा दुसरा दिवस मोडू नये, एवढाच त्याचा हेतू. मी मिरजेचा, तबल्याची साथ करणारा. वर्षातला बराच काळ गाडीत जातो. माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य आता आपल्या बोलण्यातून जायला हवं. मैफल झाली की मुक्काम, गाडी सकाळी.

काही नावं आठवून पाहा. भक्ती बर्वे, २००१, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, डिसेंबर २०१२, तोच मार्ग. बंगाली लोकसंगीत घरोघरी पोचवणारे 'दोहार'चे कालिकाप्रसाद भट्टाचार्य मार्च २०१७ मध्ये सिउडीच्या कार्यक्रमाला निघाले आणि हुगळी जिल्ह्यातच गेले. केरळचे व्हायोलिनवादक बालभास्कर २०१८ मध्ये थ्रिसूरहून तिरुवनंतपुरमला रात्रीतून परतत होते. पहाटे गाडी झाडावर आदळली, त्यात त्यांची लहान मुलगीही गेली. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, सगळे एकाच खुंटीला मी टांगत नाही. पण केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. अशा रस्त्यांवर आपण दमलेली माणसं मध्यरात्री कशासाठी धाडतो, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या गाडीत कोण असतं ते सांगतो. गायकबुवा, पेटीवर एक मुलगी, तानपुऱ्याला दोन विद्यार्थी, मी आणि गाडी चालवणारे अण्णा. अण्णा सकाळी सहाला निघालेले असतात. तिथे पोचल्यावर तानपुऱ्यांच्या पेट्या उतरवायलाही तेच. आत मैफल रंगते तेव्हा ते बाहेर गाडीची सीट मागे पाडून डास मारत पडलेले. भैरवी झाली, फोटो झाले, पिठलं-भाकरी झाली, की अकराच्या पुढे पुन्हा स्टिअरिंग त्यांच्याच हातात. शेजारच्या सीटवर मला बसवतात. मी जागा राहतो आणि बोलायला बरा आहे, म्हणून. पण दोन वाजून गेले की बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचीही वाक्यं अर्ध्यावर तुटायला लागतात. दोन ते पाच ही वेळच तशी. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये झालेल्या कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तोही वाहतूक करणाऱ्या आस्थापनांना. आमच्या अण्णांसारख्या एकट्या गाडीवाल्याचे तास मोजणारं कुणी नाही.

दिवाळीत तर या सगळ्याचा कळस होतो. एका गावात रात्रीची मैफल आणि दुसऱ्या गावात साडेपाचला दिवाळी पहाट. मधल्या अंतराकडे कुणी बघत नाही. उटणं लावून श्रोते प्रसन्न चेहऱ्याने बसलेले असतात आणि व्यासपीठावरच्या चौघांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नसतो.

जिवाची भीती हे एक कारण झालं. दुसरं कारण क्वचितच कुणी बोलतं, माझ्या लेखी ते तितकंच मोठं आहे. रात्री प्रवास करणाऱ्या कलाकाराला मुलूख दिसतच नाही. दिसतात ते टोलनाके आणि समोरून येणारे दिवे.

एका हिवाळ्यात बुवांनी हट्ट धरला, की कटकपर्यंतचा दौरा गाडीने करायचा आणि फक्त उजेडी चालायचं. मिरज, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, राजमहेंद्री, विशाखापट्टणम, कटक. सोलापूर सोडल्यावर हैदराबादच्या वाटेवर हुमनाबादजवळ माणिकनगर लागतं. माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा भाषांत पदं केली, आणि दत्तजयंतीला तिथे आजही गाणं-बजावणं होतं. आम्ही दर्शनाला उतरलो आणि बुवांना तिथे जी पदं ऐकायला मिळाली, ती त्यांनी पुढच्या मुक्कामी बसून उतरवून काढली. त्याच रस्त्याने आम्ही पूर्वीही हैदराबादला गेलो होतो, रात्री. तेव्हा हुमनाबाद नावाची एक पाटी मागे गेली होती, बस्स.

माझ्या वाद्याला तर दिवसाचा प्रवास फारच मानवतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत पुडी ताणते, स्वर चढतो. विजयवाड्याच्या पुढे समुद्राची हवा लागली की चामडं ओल धरतं आणि तोच तबला खाली येतो. मग गठ्ठे ठोका, गजऱ्यावर हातोडी चालवा. दुपारी मुक्कामी पोचलं तर पिशवी उघडून तबला खोलीतल्या हवेत ठेवता येतो, संध्याकाळपर्यंत तो त्या गावाचा होतो. रात्रभर बंद पिशवीत प्रवास केलेला तबला मात्र पहिल्या ख्यालात दर पाच मिनिटांनी उतरतो, आणि श्रोत्यांना वाटतं की तबलेवाल्यालाच ठोकाठोकीची हौस.

विजयवाड्यातली बैठक छोटी, कुणाच्या तरी घरच्या दिवाणखान्यातली. समोरच्या आजींना आदितालाच्या आठ मात्रा हातावर मोजायची सवय. मी मध्यलय त्रिताल धरल्यावर त्यांचा हात मांडीवर सुरू झाला, एक टाळी आणि मग बोटं. आमच्या सोळा मात्रांत त्यांची दोन आवर्तनं बरोबर बसत होती. त्याआधीच्या विलंबित एकतालात मात्र त्यांचा हात थांबलेला मी पाहिला होता. त्यांना मात्रा सापडेनात. राजमहेंद्रीला मी विलंबिताचा ठेका भरण्याचा मोह आवरला, बोल सुटे आणि स्वच्छ ठेवले. लोकांचे हात हलू लागले. बुवा नंतर म्हणाले, "आज मलाही सम लांबून दिसत होती." साथीचा हा धडा मला कुठल्या वर्गात मिळाला नसता.

त्याच विजयवाड्यात मुक्काम केला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एका वृद्ध मृदंगम् वादकांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. वाजवायला बसण्यापूर्वी डाव्या तोंडाला रव्याचा ओला गोळा कसा थापायचा, ते त्यांनी करून दाखवलं. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात, तीच युक्ती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर आम्ही फक्त डाव्या हाताबद्दल बोलत होतो. आदल्या रात्रीच निघालो असतो, तर त्यांचा चेहराही मला आठवला नसता.

हा काही माझ्या एकट्याच्या हौसेचा मामला नाही. आपलं संगीत असंच वाढलं आहे. कैराण्याचे अब्दुल करीम खाँ दक्षिणेत हिंडले, म्हैसूर दरबारी गायले, तिथली सरगम त्यांच्या गळ्यात उतरली आणि किराणा घराण्याचं गाणं बदललं. पुढे त्यांनी मिरजेत घर केलं. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोविलच्या रेल्वे स्थानकावर त्यांनी देह ठेवला, आणि आमच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. मुंबईचे भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेच्या प्रवासाला निघाले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, माणसांना विचारत, टिपणं घेत फिरले. त्यांच्या दहा थाटांमागे दक्षिणेच्या ७२ मेळांचा अभ्यास आहे. ही माणसं त्या त्या गावी थांबली, म्हणून त्यांना काही मिळालं.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की भीमसेनजी स्वतः गाडी हाकत देशभर मैफली करायचे. करायचे, पण त्यांची मोटारीवरची हुकमत हा अपवाद होता आणि अपवादावरून दौरा आखता येत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. तो खराच आहे. छोट्या गावातलं संगीत मंडळ वर्गणीवर चालतं, पाच-सहा माणसांच्या खोल्या त्याला जड जातात. पण त्याच कार्यक्रमात व्यासपीठाची फुलं, स्मृतिचिन्हं, शाली आणि फ्लेक्स यांवर खर्च होतोच ना? एका वर्षी शाल देऊ नका, झोपायला खोली द्या. सभासदांच्या घरी उतरवलंत तरी आम्हाला आनंदच आहे. जुनी नाटकमंडळी आणि कीर्तनकार घरोघरीच उतरत. तिसरी अडचण आमचीच : सकाळच्या शिकवण्या बुडतात. त्या पुढे ढकलता येतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. निमंत्रणाच्या पत्रात मानधनाच्या खालोखाल मुक्कामाची ओळ असावी. चालक हा कलाकारसंचाचा भाग मानावा, त्याला जेवण आणि पलंग आमच्याबरोबरीने मिळावा. सत्कार आणि भाषणांत तास घालवून मैफल उशिरा सुरू करू नये, कारण तो तास शेवटी रस्त्यावरच वसूल होतो. ज्या महोत्सवांना सरकारी अनुदान मिळतं, त्यांना मुक्कामाची सोय ही अटच घालावी. नगरपालिका नवं नाट्यगृह बांधताना चालकांसाठी चार पलंगांची एक खोली नकाशातच धरावी.

आणि सुरुवात ज्येष्ठांनी करावी. ज्याचं नाव फलकावर मोठं असतं, त्याला आयोजक नाही म्हणत नाहीत. विशीतल्या गायकाने मुक्काम मागितला तर पुढच्या वर्षी त्याला बोलावतीलच याची खात्री नसते, साथीदाराला तर विचारतंही कुणी नाही. तेव्हा बुवांनो, बाईंनो, तारीख देण्याआधी आयोजकांना एवढंच विचारा, "आमचे अण्णा कुठे झोपणार?" उत्तर मिळाल्यावरच तारीख द्या.