म्युनिकला नेमके काय दिले गेले?

म्युनिक कराराचा विषय निघाला की चर्चा ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्या भित्रेपणावर येऊन थांबते. विमानातून उतरून कागद फडकावणाऱ्या पंतप्रधानाची थट्टा करणे सोपे असते. पण माझी हयात भोसरीतल्या एका टूलरूममध्ये गेली. मी तो करार मालाच्या चलनासारखा वाचतो: काय गेले, कोणाकडून गेले आणि कोणाच्या पदरात पडले?

30 सप्टेंबर 1938 च्या पहाटे ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीने सुडेटनलँड हा सीमापट्टा हिटलरला देऊन टाकला. ज्या चेकोस्लोव्हाकियाचा मुलूख कापला जात होता, त्याच्या प्रतिनिधींना बैठकीत जागाच नव्हती. त्या पट्ट्यात सुमारे 30 लाख जर्मनभाषक राहत होते, हे खरे. पण चेकांची डोंगरातली तटबंदीही तिथेच होती. ती हातची गेली आणि उरलेला देश उघडा पडला. 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा जवळपास प्रतिकाराविना प्रागमध्ये शिरल्या.

त्याबरोबर प्लझेनचा स्कोडा कारखाना, प्रागमधले रणगाड्यांचे कारखाने आणि ब्र्नोचा शस्त्रकारखाना जर्मनीच्या ताब्यात गेले. ब्रिटिश सैन्याची ब्रेन मशीनगन याच ब्र्नोच्या बंदुकीवरून घडवलेली होती. म्हणजे ब्रिटनला या कारागिरीची किंमत चांगली ठाऊक होती! पुढे हिटलरने राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, लुटीचा हिशेबच वाचून दाखवला. त्यात 469 रणगाडे होते आणि दहा लाखांहून अधिक रायफली होत्या. 1940 च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये मुसंडी मारणाऱ्या जर्मन सेनानी रोमेलच्या डिव्हिजनमध्ये चेक बनावटीचे रणगाडे मोठ्या संख्येने होते.

चेंबरलेन यांचे समर्थक म्हणतात, त्यांनी तयारीसाठी वेळ मिळवला. यात तथ्य आहे. स्पिटफायर विमाने 1938 च्या ऑगस्टमध्ये नुकतीच वायुदलात येऊ लागली होती. पण तोच वेळ हिटलरलाही मिळाला, आणि वर चालू स्थितीतले कारखाने मिळाले. यंत्रे विकत घेता येतात. हात बसलेले कामगार, जिग-फिक्स्चर, तपासणीची शिस्त या गोष्टी उभ्या करायला वर्षे लागतात. त्या आयत्या मिळाल्या. शिवाय 1938 मध्ये जर्मनी मोठ्या युद्धाला तयार नाही, असे खुद्द जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख लुडविग बेक यांचे मत होते. त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

म्युनिकच्या आधीही असेच झाले होते: 1936 च्या मार्चमध्ये ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य घुसले, 1938 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळला गेला. दोन्ही वेळा निषेधाच्या खलित्यांपलीकडे काही झाले नाही. म्युनिकला सोव्हिएत संघाला बोलावलेच नाही. ऑगस्ट 1939 मध्ये स्टालिनने हिटलरशीच करार केला, आणि 1 सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. युद्धाचा दोष हिटलरच्या विस्तारवादाचाच. पण त्याला लागणारी सामग्री त्याच्या विरोधकांनी पोहोचवली.

म्हणून कोणी ‘थोडा मुलूख देऊन शांतता घेऊ’ असे सुचवले, तर नकाशावरच्या रेषेपुरते पाहू नका. त्या मुलखात कोणते घाट, कोणते रेल्वेमार्ग, कोणते कारखाने आहेत आणि उद्या ते कोणावर चालवले जातील, हे आधी विचारा. ज्यांचा मुलूख दिला जातोय त्यांना बैठकीत खुर्ची आहे का, तेही विचारा. नसेल, तर तो सौदा मान्य करू नका.